घडी न मोडलेलं कार्ड

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी खताच्या कंपनीनं आमच्या दुकानाला जानेवारीत दिली होती. आजपर्यंतची पानं कोरी आहेत, कारण तोवर मला जे सांगायचं असायचं ते मी लोकांना तोंडानं सांगत होते. आता एक गोष्ट अशी आहे की ती आमच्या हुलसूर गावात कुणाला सांगता येत नाही आणि पोटात ठेवली तर अन्न गोड लागत नाही. म्हणून लिहिते.

माझ्या मुलानं, बसवेशनं, मे महिन्यात हैद्राबादला नोंदणी लग्न केलं. मुलगी मैत्रेयी. मूळची कमठाण्याची, बौद्ध घरातली, हैद्राबादला डोळ्यांच्या दवाखान्यात डोळे तपासते. माझे मालक सिद्धलिंगप्पा लग्नाला गेले. मी गुडघा दुखतो म्हणून गेले नाही. गुडघा खरंच दुखत होता, पण तसा तो नेहमीच दुखतो.

गावाला अजून सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की "बघायलोत की पोरी" म्हणून वेळ मारून नेते. आम्ही लिंगायत, तिची जात वेगळी आहे म्हणून सांगत नाही, हे डायरीत तरी कबूल करायला हवं. आमचे हे म्हणतात, "बसवण्णाच्या फोटूला रोज हात जोडतीस, त्येनी कल्याणात जातीबाहेरचं लगीन लावलं ते इसरलीस व्हय?" या माणसाला बाराव्या शतकातलं सगळं आठवतं, सकाळी बाजारातून काय आणायला सांगितलं ते आठवत नाही. मला बसवण्णांची भीती नाही. शेजारच्या शांतम्माची आहे. शिवाय बसवेशनं मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, तेही अजून खुपतं.

तर आज कुरिअर आलं. पाठवणारी मैत्रेयी. पाकिटात एक कार्ड, एटीएमच्या कार्डाएवढं, निळं, वर मोराचं चित्र. सोबत इंग्रजी कागद, त्यातली अक्षरं मुंगीएवढी. यांनी चष्मा लावून सांगितलं, "गिफ्ट कार्ड हाय. दुकानात दाखवायचं आन पायजे ते घ्यायचं." पुढचं वाचायच्या आत दुकानात गिऱ्हाईक आलं आणि हे गेले.

पहिल्यांदा सासूला काही पाठवायचं तर हे? साडी नाही, खण नाही, निदान एक नारळ तरी? पण नवी वस्तू घरात आली की तिचा मान ठेवावा लागतो. मोराच्या डोक्याला विभूती लावली, दिवसभर बसवण्णांपुढं ठेवलं आणि संध्याकाळी आहेराच्या पेटीत टाकलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पेटी आवरली. आमच्याकडं प्रत्येक घरात अशी एक पेटी असतेच. लग्नाबारशात आलेले खण, टॉवेल, टोप्या, साड्या त्यात जातात आणि दुसऱ्याच्या लग्नाबारशात बाहेर पडतात. माझ्या पेटीतला एक जांभळा खण माझ्याच हातून तीन कार्यांत गेलाय आणि तीनदा परत आलाय. त्याला आता घरचा रस्ता पाठ झाला आहे.

पेटीचे नियम मला सासूनं शिकवले. द्यायच्या वस्तूची घडी मोडायची नाही. एकदा कपडा उलगडून अंगाला लागला की तो आहेरातून गेला. आणि वस्तू ज्याच्याकडून आली त्याच्याच दारात ती परत जाऊ द्यायची नाही. तसं झालं तर जन्माचं बोलणं बंद. मी आजवर दोन्ही नियम कधी चुकवले नाहीत.

कार्डाचीही घडी मोडलेली नाही. आहे तसं कोरं करकरीत आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भालकीला शिवलीलाची घरभरणी झाली. शिवलीला म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. घर झकास बांधलंय, फक्त स्वयंपाकघरात दोन बायका एकावेळी मावत नाहीत, आणि त्यात एक शिवलीला असली तर एकही नाही.

आहेराला साडी नेणार होते, पण मागच्या वेळी तिनं माझ्या साडीचा पदर बोटात धरून "बरी हाय" असं म्हटलं होतं ते मी विसरलेले नाही. म्हणून यंदा त्या जांभळ्या खणावर ते कार्ड ठेवून दिलं. काय सांगू! सगळ्या बायका गोळा झाल्या. "वैनी, हे काय गं? बँकंचं हाय का?" मी म्हटलं, "दुकानात दाखव आन पायजे ते घे. आपल्या आवडीचं." अशी शान माझ्या आहेराला आजवर मिळाली नव्हती. शिवलीलानं कार्ड लगेच पर्समध्ये ठेवलं.

जेवणं झाल्यावर ती आणि आमचे हे जिन्यात बराच वेळ कुजबुजत होते. मी गेले तर गप्प. विचारलं तर हे म्हणाले, "तिला डोळ्याला कमी दिसायलंय. हैद्राबादला दाखवावं म्हणून सांगायलोय." बहिणीच्या डोळ्यांची एवढी काळजी. माझा गुडघा मात्र यांना दिसत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मोठा घोळ कळला. जमेल तसं लिहिते.

बसवेशचा फोन आला. येळवशीला दोघं येणार. आमच्याकडं दिवाळी चुकली तर चालते पण येळ अमावस्येला पोरानं शेतात जेवायला आलंच पाहिजे, त्यामुळं नको म्हणायची सोय नव्हती. मग तो म्हणाला, "अव्वा, कार्ड चालू केलीस का?"

म्हटलं, "चालू म्हंजे?"

तेव्हा कळलं. ते कार्ड असंच दुकानात चालत नाही. आधी चालू करावं लागतं. कार्डाच्या पाठीवरचे आकडे फोनवर दाबायचे, मग आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो दाबायचा, मग आपला चार आकड्यांचा पिन ठरवायचा. तोवर कार्डात सगळं असून काही नाही. आणि ओटीपी फक्त माझ्या मोबाइलवर येणार, कारण मैत्रेयीनं माझाच नंबर दिलाय. एकोणीस डिसेंबरपर्यंत चालू केलं नाही तर कार्ड रद्द. एकोणीसला येळवस.

"कागदावर लिवलंय की सगळं," बसवेश म्हणाला. "आन ऐक. मी तिला एकदा सांगितलंतं की आमच्या अव्वानं जन्मात सोताच्या पसंतीची साडी नेसली न्हाई, समद्या आहेराच्या. तवापासून तिच्या डोक्यात हुतं. म्हनली, साडी पाठवली तर ती बी माझ्याच पसंतीची हुईल. कार्ड पाठवू, त्येंचं त्या निवडतील."

मी म्हटलं, "व्हय व्हय, जपून ठिवलंय." फोन ठेवला आणि पलंगावर बसले.

हे खरं आहे. लग्नातला शालू सासऱ्यांनी आणला, बाकी सगळ्या लोकांनी दिल्या. मला काय आवडतं हे आजवर कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते त्या पोरीच्या लक्षात आलं. आणि मी तिचं कार्ड एका खणावर ठेवून नणंदेला देऊन बसले.

यांना सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले, "जा, परत मागून आण." आहेर परत मागायचा? त्यापेक्षा मी भालकीच्या बसस्टँडवर उलटी टांगून घेईन.

१ डिसेंबर, सोमवार

भालकीला जाऊन आले. मागायचं नाही, बदलून घ्यायचं, असं ठरवलं होतं. म्हणजे "अगं, चुकून भलतंच दिलं, तुझ्यासाठी ठेवलं होतं ते हे" असं म्हणून चांदीची वाटी पुढं करायची आणि कार्ड घ्यायचं. बसमध्ये तीनदा घोकलं.

शिवलीला कालच हैद्राबादहून डोळे दाखवून आली होती. नवा चष्मा, त्यामुळं ऐट. माझं सगळं बोलणं तिनं नीट ऐकून घेतलं. वाटी उचलून आत ठेवून आली आणि म्हणाली, "ते कार्ड व्हय वैनी? ते दिलं की मी."

"कुनाला?"

"एका गुणी पोरीला. पयल्यांदाच तोंड बघितलं तिचं. हातावर काय तर ठिवावं का न्हाई? पर्समधी तेवढंच हुतं."

"कोन पोरगी?"

"हाय एक. तू बघितली न्हाईस अजून. बघायला पायजे हुती," असं म्हणून चष्म्यातून माझ्याकडं असं बघितलं की बस्स.

कार्डही गेलं आणि वाटीही. पण मी काही दुधखुळी नाही, येताना बसमध्ये बरोबर ओळखलं. शिवलीलाच्या पुतण्याचं गेल्या महिन्यात लग्न झालं, त्याला मी गेले नव्हते. मी न पाहिलेली नवी पोरगी म्हणजे त्याची बायको सुधारानी. कलबुर्गीला असते. दुसरी कोण असणार?

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी दिवा लावत होते, फोन वाजला. "मी मैत्रेयी."

मला काय म्हणावं हे तिला कळेना, आणि तिला काय म्हणावं हे मला. शेवटी तीच म्हणाली, "कार्ड मिळालं का?"

"मिळालं की."

"मग चालू करून टाकू. पाठीमागचे शेवटचे चार आकडे सांगा फक्त. मी हिकडून करते."

"चष्मा सापडंना बघ," म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या करते फोन. तवर हुडका."

आवाज बारीक आहे पण स्पष्ट. मधेच एकदा हसल्यासारखी वाटली.

३ डिसेंबर, बुधवार

आज म्हटलं, चष्मा भालकीला शिवलीलाकडं राहिला. तर तिनं विचारलं जवळचा का लांबचा, किती वर्षांचा, रात्री दिव्याभोवती गोल दिसतं का, सुईत दोरा ओवायला किती लांब धरावी लागते. पाव तास डोळ्यांवर गेला. आजवर माझ्या डोळ्यांबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं, मला पाहायला आलेल्या सासऱ्यांनीसुद्धा नाही.

शेवटी म्हणाली, "चष्मा नसताना तांदूळ कसे निवडायलात?"

मागं सुपाचा आवाज येत होता तो हिनं ऐकला. म्हटलं, "अंदाजानं."

४ डिसेंबर, गुरुवार

कलबुर्गीला जाऊन आले. हुलसूर, बसवकल्याण, हुमनाबाद, कलबुर्गी, सगळा प्रवास फुकट. बायकांना आधार दाखवलं की तिकीट नाही. कार्ड असावं तर असं, दाखवलं की चाललं. चालू करा, ओटीपी आणा, असल्या भानगडी नाहीत.

सुधारानी गोड पोरगी आहे. कानडीत बोलते, मान देते, चहाला तीनदा विचारते. पण मी वळणावळणानं कितीही विचारलं तरी कार्डावर येईना. "नव्या नवरीकडं कसली कसली कार्डं आसत्यात न्हाई?" म्हटलं, तर तिनं आधार दाखवलं, पॅन दाखवलं, एटीएम दाखवलं, लग्नपत्रिकासुद्धा दाखवली. मोर फक्त पत्रिकेवर होता. शिवलीलानं तिला स्टीलचा डबा दिला होता, कार्ड नाही. तोंड बघायला आले म्हणून मला पेटीतली चांगली साडी तिला द्यावी लागली. तिनं मला खण दिला. जांभळा.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे भाकरी खाता खाता ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "निलम्मा, कार्ड कुठं जात न्हाई. जिथं हाय तिथं नीट हाय." या माणसाला कशाचंच गांभीर्य नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज फोन आला नाही. हे म्हणाले, सहा डिसेंबर आहे, ती बाबासाहेबांच्या कार्यक्रमाला गेली असेल. मला ते माहीत नव्हतं असं नाही. आणि मी फोनकडं बघत होते असंही नाही. तो फक्त हाताशी ठेवला होता.

९ डिसेंबर, मंगळवार

आता रोज येतो फोन. दिवा लागला की पाच मिनिटांत. ती मला "अव्वा" म्हणायला लागली आहे. बसवेश म्हणतो तसंच. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं, मग तिनं पुन्हा म्हटलं.

आज म्हणाली, "अव्वा, मोराच्या डोस्क्याला विभूती लावलीसा का?"

मी दचकले. हिला कसं कळलं? मग वाटलं, बसवेशनं सांगितलं असणार. आमच्या घरी मिक्सर आला तरी त्याला विभूती लागते.

"लावली की," म्हटलं. "कामून हासायलीस?"

"हासत न्हाई. आकडे मीच सांगू का तुमाला? बघा बरं जुळत्यात का."

चेष्टेखोर आहे. मी म्हटलं, चष्मा आला की बघू. म्हणाली, चष्म्याला भालकीहून यायला लईच येळ लागायलाय, बसला त्याचं तिकीट पडायलंय वाटतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कार्डावर काय घ्यायचं यावर अर्धा तास बोललो. नसलेल्या कार्डावर! मी म्हटलं, काही नको, घरात मोप आहे. ती ऐकेना. "डोळे झाका आन सांगा, कुठला रंग दिसतोय?" मी पदराला हात पुसले आणि खरंच डोळे झाकले. चिंतामणी रंग दिसला, लाल काठाची इलकल साडी. तो कधीपासून माझ्या आत होता देव जाणे. सांगितला. ती म्हणाली, "मला वाटलंच. निळ्याकडं जाणारा कायतर आसंल म्हणून मोर निवडला मी."

तिची आई भागाबाई येळवशीच्या भज्जीत, त्या पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांच्या कालवणात, चिंचेसोबत थोडा गूळ टाकते म्हणे. मी म्हटलं, गूळ टाकला तर ती भज्जी कसली. त्यावर कडाक्याचं भांडण झालं. शिवलीलाशी भांडते तसं नाही. मजा आली.

फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. इतकं बोलते पोरगी, आणि मी रोज तिला फसवते आहे. सापडेल कसं ते कार्ड? शिवलीला नाव सांगत नाही. परवा फोनवर पाया पडले तरी म्हणाली, "वैनी, दिलेलं विचारू न्हाई."

१८ डिसेंबर, गुरुवार

दोघं आले. अंधार पडल्यावर या, असं मीच सांगितलं होतं. दुपारी ऊन लागतं म्हणून. मैत्रेयी फोनवर म्हणाली, "डिसेंबरात?" तो एक शब्द दोन दिवस माझ्या डोक्यात आहे.

फोटोपेक्षा बारीक आहे. आल्या आल्या पाया पडली, माझी हनुवटी धरून डोळे उजेडाकडं फिरवून बघितले आणि म्हणाली, "मोतीबिंदू न्हाई अजून." असं कुणी सून सासूला पहिल्या भेटीत म्हणत असेल का? पण हात गरम होता.

कार्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. उद्या शेवटचा दिवस.

जेवताना मी म्हटलं, उद्या शेतात शांतम्मा असेल, तिचं शेत लागूनच आहे. विचारलं तर सांगू, बसवेशच्या ओळखीची आहे, येळवस बघायला आली आहे. बसवेशचा हात ताटातच थांबला. हे उठून गेले, ताक अर्धं ठेवून. मैत्रेयी म्हणाली, "चालंल अव्वा." एवढंच. आणि भांडी घासायला लागली.

मी वाईट बाई आहे का? तसं मला वाटत नाही. पण आज स्वतःच्या घरात तोंड लपवावंसं वाटलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सगळं घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतात गेलो. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, अंबिलीचं मडकं. यांनी कडब्याची खोप आधीच केली होती. आत पाच पांडवांचे दगड, चुन्यानं रंगवलेले. पूजा केली, यांनी अंबील शिंपडत खोपीला फेऱ्या मारल्या, मागं बसवेश, त्याच्यामागं मैत्रेयी. आरोळी द्यायला ती बसवेशपेक्षा वरचढ. कमठाण्यातही हेच करतात, तिला काही शिकवावं लागलं नाही.

पंगत बसायच्या आधी मी तिला विहिरीकडं बाजूला घेतलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "मैत्रेयी, कार्ड माझ्याकडं न्हाई. आलं त्याच हप्त्यात मी ते आहेरात देऊन टाकलं. चालू करावं लागतंय हे ठाव नव्हतं. ठाव आसतं तरी दिलंच आसतं, रागात हुते. मागून लई हुडकलं. सापडलं न्हाई."

तिनं खांद्यावरची पर्स उघडली आणि कार्ड काढलं. निळं. मोराच्या डोक्यावर माझी विभूती, थोडी पुसट झालेली.

"शिवलीला अत्ती दवाखान्यात डोळे दाखवायला आलत्या," ती म्हणाली. "अप्पांनीच पाठवलंतं त्येंला, माझ्याकडं. जाताना तोंड बघायचं म्हणून हातावर ठिवलं. त्येंला कुठं ठाव, हे मीच पाठवलंय म्हणून."

ज्याच्याकडून आलं त्याच्याच दारात. एवढ्या वर्षांत जे कधी झालं नाही ते माझ्या हातून झालं, तेही सुनेच्या बाबतीत. शिवलीलाला लग्नाचं ठाऊक, यांना सगळं ठाऊक, आणि मी कलबुर्गीला साडी वाटत फिरत होते! मग संताप आला. "म्हंजे तुला पयल्यापासून ठाव? आन रोज मला चष्मा हुडकायला लावायलीस? माझी मजा बघायलीस?"

"दोन दिवस मजा बघितली," ती म्हणाली. "रागवा पायजे तर. पर अव्वा, लगीन होऊन सात म्हैने झाले, तुमी येकदा बी फोन केला न्हाई. मी केला तर अप्पाच उचलायचे. ह्या कार्डापायी तुमी रोज बोलायला लागला. कार्ड हाय म्हणून सांगितलं आसतं तर चालू झालं आसतं आन फोन बंद पडला आसता. म्हणून ठिवलं."

फोन मला हवा होता हे तिला कळलं होतं. मला ते कळायचं बाकी होतं.

मग म्हटलं, "हे कार्ड आता तुझं. आहेरात आलंय. दिलेलं परत घेत न्हाईत."

"पाठवलेलं मी. तुमचं हाय."

"माझं कसं? माझ्या हातून गेलं."

"मग मला तर कुठं चालतंय ते? ओटीपी तुमच्या फोनवर येनार."

बसवेश ओरडला, भांडण नंतर करा, आज रद्द होईल. पण माझ्या फोनला आमच्या शेतात रेंज नाही. ती फक्त ट्रॉलीवर उभं राहिलं तर येते. मैत्रेयीच्या फोनला उलट, फक्त विहिरीच्या काठावर. म्हणून मला ट्रॉलीवर चढवलं, एका बाजूनं यांनी ओढलं आणि दुसऱ्या बाजूनं बसवेशनं ढकललं. गुडघ्याचं नाव काढायला सवड नव्हती. मैत्रेयी विहिरीवर कार्ड घेऊन आकडे दाबायला लागली. मधे सगळं हरभऱ्याचं रान.

"आला का?" तिकडून.

"आला!" मी वरून. "ध्यान देऊन ऐक. चार! सात!"

"सात?"

"सात! मग शून्य!"

बांधावर शांतम्मा उभी होती. उंड्यांची परडी काखेत, मागं तिच्या दोन जावा, आणि पलीकडच्या रानातली माणसंही बघायला लागलेली. शांतम्मा म्हणाली, "निलम्माक्का, ट्रॉलीवर चढून काय वरडायलीस गं? ओटीपी हाय ना तो? टीव्हीत घसा फोडून सांगायलेत, बाहेरच्याला नंबर सांगू नगा म्हणून. आन ही पोरगी कोन?"

आणखी तीन आकडे राहिले होते. बसवेश माझ्याकडं बघत होता. हेही. विहिरीवर मैत्रेयीनं मान खाली घातली, तिला रात्रीचं उत्तर माहीत होतं. मला एवढा राग आला, शांतम्माचा, माझा, ओटीपीच्या संपत चाललेल्या वेळेचा, की तोंडातून निघालं ते निघालं.

"बाहेरची न्हाई, माझी सून हाय ती! बसवेशची बायकू, कमठान्याची. सुनंला न्हाई सांगायचं तर कुनाला सांगू? तू गप बस जरा, टाइम संपायलाय!"

शांतम्माच्या हातातला उंडा परडीत पडला.

त्या गडबडीत पहिला ओटीपी गेलाच. मैत्रेयीनं दुसरा मागवला. तो आला, पण मला वाचता येईना. चष्मा डोळ्यांवर होता तरी आकडे एकात एक मिसळले होते. शेवटी ती रान तुडवत आली, ट्रॉलीवर चढली, फोन माझ्या हातातून घेतला, आकडे मनात घोकत पळत विहिरीवर गेली आणि दाबले. परत येऊन म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा, तपासावा लागंल." नंबर वाढलेला नाही. मी रडत होते, आणि ते तिलाही दिसत होतं.

पंगतीला शांतम्मा आमच्यातच बसली. मैत्रेयीला दोनदा भज्जी वाढली, आईबापांची नावं विचारली, पगार विचारला, आणि खीर खाता खाता तिला शेजारच्या चार शेतांत दाखवून आणली. जी बातमी सांगायची म्हणून मी सात महिने झोपले नव्हते, ती तिनं दुपारच्या आत सगळ्या शिवाराला सांगितली. मला तोंड उघडावं लागलं नाही. चारदोन जण नाक मुरडतील, मुरडू देत.

कार्ड कुणाचं यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. सध्या कार्ड तिच्या पर्समध्ये आहे. पिन मी स्वतः विहिरीवर जाऊन दाबला आहे आणि तो तिला सांगितलेला नाही. त्यामुळं दुकानात आता दोघींनी मिळूनच जावं लागेल.